मुलगी कुंभेची, की कर्केची?

पत्र, थोडक्यात:

"ताई, आम्ही कोथरूडला राहतो. घरात मी, हे, सासूबाई आणि मुलगी. मुलगी हिंजवडीला आयटी कंपनीत आहे. आता तिला ऑफिसातल्या दोन मैत्रिणींबरोबर वाकडला फ्लॅट भाड्यानं घेऊन राहायचंय. स्वतःचं घर असताना कशाला, असं विचारलं की म्हणते, 'आई, मी अ‍ॅक्वेरियस आहे. मला इंडिपेंडन्स लागतो.' तिचा जन्म ३१ जानेवारी १९९९ चा, संध्याकाळी दिवे लावायच्या वेळचा. सासूबाई म्हणतात, 'कसली अ‍ॅक्वेरियस? पत्रिकेत कर्क रास आहे. कर्केची मुलगी घर सोडून राहायची नाही, आठ दिवसांत रडत परत येईल.' हे म्हणतात, तुमचं तुम्ही बघा. कुंभ राशीला हे स्वातंत्र्य चिकटलं कुठून? आणि दोघींत खरं कुणाचं? तिला जाऊ द्यावं का? ती गेली की सासूबाईंच्या आणि माझ्या मध्ये घरात कुणी उरणार नाही, तेही आहेच. ता. क. जायचंच ठरलं तर मुहूर्त बघावा का?"
– एक आई, कोथरूड

तुमच्या मुलीची रास कुंभ आहे, कर्क आहे आणि एका हिशेबानं मकरही आहे. आधी हा गुंता सोडवू, कारण तुमच्या घरातलं निम्मं भांडण गणिताचं आहे.

सासूबाई सांगतात ती चंद्ररास. आपल्याकडे नुसतं 'रास' म्हटलं की जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत असेल ती. मुलगी सांगते ती सूर्याची, आणि तीही पाश्चात्त्य पद्धतीची. आपल्या पंचांगात सूर्य मकरेत जातो तो संक्रांतीला, १४-१५ जानेवारीला, आणि कुंभेत पोचायला १३ फेब्रुवारी उजाडते. पाश्चात्त्य ज्योतिषात मात्र तो २०-२१ जानेवारीलाच कुंभेत शिरलेला असतो. ते लोक राशी वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो त्या बिंदूपासून मोजतात, आपण ताऱ्यांच्या आधारानं. संपातबिंदू साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो, त्यामुळे दोन्ही मोजणींत आता जवळजवळ २४ अंशांचं अंतर पडलंय. म्हणून ३१ जानेवारीचा सूर्य त्यांच्याकडे कुंभेत आणि आपल्याकडे मकरेत.

आता चंद्र. ३१ जानेवारी १९९९ ला माघी पौर्णिमा होती. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर, सातव्या राशीत असतो; सूर्य मकरेत, तर चंद्र कर्केत. आणि दिवेलागणीला तो पूर्वेला नुकता वर येत असणार, म्हणजे पत्रिकेतलं लग्न, जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तेही कर्कच. सासूबाईंचं काही चुकलेलं नाही. मुलीचंही तिच्या पद्धतीप्रमाणे चुकलेलं नाही. (त्याच पाश्चात्त्य पद्धतीनं तिचा चंद्र काढला तर तो सिंहेत जातो. हे तिला सांगू नका, हाताशी आणखी एक रास येईल.)

कुंभेला स्वातंत्र्य कुठून चिकटलं, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न. त्याचं उत्तर आपल्या जुन्या ग्रंथांत सापडत नाही. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर घ्या. बृहज्जातक या आपल्या ग्रंथात त्यानं चंद्र कोणत्या राशीत असता माणूस कसा निपजतो ते एकेका श्लोकात सांगितलंय. कुंभेचा माणूस कसा? उंटासारख्या मानेचा, अंगावर शिरा दिसणारा, राठ केसांचा, उंच. परक्याच्या धनावर आणि बायकोवर डोळा ठेवणारा. कधी भरभराट, कधी ओहोटी. फुलं, उटणी आणि मित्र आवडणारा, वाटचालीचे कष्ट सोसणारा. एवढंच. स्वातंत्र्याचा, बंडखोरीचा शब्दही नाही. इन्स्टाग्रामवर अ‍ॅक्वेरियसची रीळ करणाऱ्यांनी हा श्लोक वाचला तर निम्मे जण रास बदलून मागतील.

जुन्या परंपरेत कुंभेचा स्वामी शनी, आणि तो तिथे का बसला याला एक रेखीव कारण आहे. सूर्याला सिंह दिली, चंद्राला कर्क. मग त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक रास बुधाला, त्यापुढच्या शुक्राला, मग मंगळाला, मग गुरूला. उरल्या शेवटच्या दोन, प्रकाशाच्या थेट समोरच्या: मकर आणि कुंभ. त्या शनीला मिळाल्या, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत तो सगळ्यात दूरचा, मंद आणि थंड. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातला ज्योतिषी टॉलेमी हीच मांडणी देतो, आपल्याकडेही हीच आहे. राजाची रास सिंह, तिच्या बरोबर समोर कुंभ. दरबारापासून सगळ्यात लांब बसलेला माणूस, असं वाचता येतं, आणि स्वतंत्र वृत्तीची थोडी चाहूल इथे लागते असं मला वाटतं. शिवाय ही वायुतत्त्वाची रास, म्हणून विचारांची; आणि स्थिर रास, म्हणून मतावर ठाम. मराठी ज्योतिषाची पुस्तकं उघडलीत तर कुंभेला अभ्यासू, एकांतप्रिय, तत्त्वाला धरून राहणारी असंच म्हटलेलं दिसेल. शनीचं माणूस कर्तव्यानं बांधलेलं असतं. वाकडला फ्लॅट घेणारं नव्हे.

बंडखोरी आली १७८१ साली. १३ मार्चच्या रात्री इंग्लंडमधल्या बाथ गावी विल्यम हर्शेल नावाच्या, पेशानं चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाला घरच्या बागेत स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून एक नवी चकती दिसली. त्याला आधी तो धूमकेतू वाटला. निघाला ग्रह, शनीच्याही पलीकडचा. आपल्याकडच्या पत्रिकांत तो 'हर्षल' म्हणून लिहितात तोच. हजारो वर्षं शनी ही आकाशाची शेवटची वेस होती, आणि हा वेशीबाहेर सापडला. काळही तसाच: अमेरिका ब्रिटिश राजाविरुद्ध लढत होती, आठ वर्षांनी पॅरिसमध्ये बास्तीयचा तुरुंग पडला, कारखाने उभे राहत होते, विजेचे प्रयोग चालू होते. पुढे ज्योतिषांनी या ग्रहाच्या नावावर हे सगळंच चढवलं: क्रांती, अचानक उलथापालथ, यंत्रं, वीज, रूढी मोडणं, स्वातंत्र्य. नव्या ग्रहाला घर तर हवं, म्हणून एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य ज्योतिषांनी त्याला शनीच्या कुंभेत आणून बसवलं. तेव्हापासून कुंभेचा स्वभाव पालटला. गंमत अशी की हर्शेलनं या ग्रहाला नाव सुचवलं होतं 'जॉर्जचा तारा', म्हणजे अमेरिका ज्याच्याविरुद्ध उठली होती त्या तिसऱ्या जॉर्ज राजाचं. ते रूढ झालं असतं तर बंडखोरांच्या ग्रहाला राजाचं नाव लागलं असतं.

आपल्या परंपरेनं हर्षल पत्रिकेत लिहून घेतला, पण कुंभेचं स्वामित्व शनीकडेच ठेवलं. त्यामुळे तुमच्या घरात दोघी 'रास' म्हणतात तेव्हा दोन निराळ्या काळांतल्या गोष्टी बोलत असतात.

पुढचा टप्पा वर्तमानपत्रांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये अ‍ॅलन लिओ नावाचा ज्योतिषी आणि थिऑसॉफिस्ट होता. भविष्य सांगतो म्हणून त्याच्यावर १९१४ आणि १९१७ मध्ये खटले झाले. 'अमुक घडेल' म्हणणं कायद्यात अडकतं, 'तुमचा स्वभाव असा असा आहे' म्हणणं अडकत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि सूर्यराशीवरून स्वभाव सांगायची पद्धत त्यानं जोरात पुढे आणली. १९३० च्या ऑगस्टमध्ये संडे एक्सप्रेसमध्ये आर. एच. नेलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या राजकन्या मार्गारेटचं भविष्य लिहिलं. लोकांना ते इतकं भावलं की सदरच सुरू झालं. सूर्यरास वर्तमानपत्राला सोयीची. चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो, त्याला जन्मवेळ आणि पंचांग लागतं. सूर्यराशीला वाढदिवसाची तारीख पुरते. मग साठच्या दशकात अमेरिकेतल्या तरुण पोरांनी 'कुंभयुग येतंय' म्हणत केस वाढवले. तुमच्या मुलीच्या मोबाइलवर येते ती या सगळ्याची शेवटची आवृत्ती. स्वातंत्र्य मेषेलाही देतात, मंगळाची आणि चक्रातली पहिली रास म्हणून. धनूलाही देतात, हिंडण्याफिरण्याची आवड म्हणून. पण मेषेचं 'मी आधी' असतं, धनूचं 'मला फिरू द्या', आणि कुंभेचं 'मी तुमच्यासारखी नाही'. सव्विशी-सत्ताविशीच्या मुलीला यातलं शेवटचं पटकन आपलं वाटतं, यात नवल काय!

आता सासूबाईंची कर्क. तिचा स्वामी चंद्र, म्हणजे माता. मेषेपासून मोजलं तर ती चौथी, आणि पत्रिकेतलं चौथं स्थान आईचं, घराचं, सुखाचं. म्हणून कर्क म्हणजे घरकोंबडी, हे समीकरण पक्कं बसलंय. पण तोच वराहमिहिर कर्केबद्दल काय म्हणतो ते सासूबाईंना जरूर वाचून दाखवा. कर्केचा माणूस भरभर आणि थोडा वाकडा चालणारा, मित्रांवर जीव असलेला, पाणी आणि बागा आवडणारा, चंद्रासारखा पैसा कमीजास्त होणारा, आणि 'प्रचुरालय'. म्हणजे पुष्कळ घरं असलेला! वाकडचा फ्लॅट यात आरामात बसतो. त्याच श्लोकात आणखी एक आहे: हा माणूस सामोपचारानं वश होतो, गोडीगुलाबीनं बोललं की ऐकतो. तुम्हाला काही उपयोगाचं असेल तर ते हे.

आणि कर्क तेवढी आपली, अ‍ॅक्वेरियस परकी, असं सासूबाई म्हणत असतील तर तेही फार ताणू नये. वेदांगज्योतिषात नक्षत्रं आहेत, बारा राशी नाहीत. त्या यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या संपर्कातून आल्या, आणि वराहमिहिराला ते सांगायला संकोच वाटला नाही. यवन म्लेंच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून ते ऋषींसारखे पूज्य, असं तो बृहत्संहितेत सरळ लिहितो.

खरं कुणाचं, या प्रश्नाला मात्र माझं उत्तर दोघींनाही आवडायचं नाही. हे सगळं मला वाचायला मनापासून आवडतं, पण त्यावरून कोण कुठे राहू शकेल हे कळतं यावर माझा विश्वास नाही. याची परीक्षा आपल्या पुण्यातच झालीय. २००८ साली जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या: १०० हुशार मुलांच्या, १०० बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या. कोणती कुठल्या गटातली, एवढंच सांगायचं. ५१ जणांनी पत्रिका नेल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली, आणि सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर निघाली. नाणं उडवून ५० च्या आसपास येतातच. पूर्ण जन्मवेळेसकट मांडलेल्या पत्रिकेवरून एवढा मोठा फरक ओळखता येत नसेल, तर नुसत्या वाढदिवसावरून 'मला इंडिपेंडन्स लागतो' हे कुठून यायचं?

मग मुलीला ते इतकं चपखल का वाटतं? १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून एक स्वभाववर्णन दिलं. सगळ्यांना एकच, आणि तेही स्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं. पाचापैकी किती गुण द्याल? सरासरी आली ४.२६. 'मला स्वतंत्र राहायला आवडतं, पण जवळची माणसंही लागतात' हे वाक्य मला लागू पडतं, तुम्हाला पडतं, सासूबाईंनाही पडेल. विचारून बघा.

तरी मुलगी राशीचं नाव का काढते, ते मला समजतं. 'मला वेगळं राहायचंय' असं आपल्या घरांत सरळ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: आमचं काय चुकलं? नोकरीसाठी बंगलोरला गेली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं, उलट पेढे वाटले असते. त्याच शहरात पंधरा-वीस किलोमीटरवर राहायचं म्हटलं की ती घराची नालस्ती होते. रास मध्ये घातली की कुणाचंच काही चुकत नाही, ग्रहांचं चुकतं. चांदणी चौकातून बायपास, मग वाकडचा पूल, मग हिंजवडीची रांग, हे रोज दोन्ही वेळा करून घरी आल्यावर 'आज उशीर का?' ऐकावं लागणं, हे खरं कारण असू शकतं. किंवा नसेलही. तिला विचारा, पण राशीचं नाव न काढता. आणि सासूबाईंचं 'रडत परत येईल' हे मला भाकितापेक्षा इच्छेसारखं ऐकू येतं. नात जवळ हवी, एवढंच त्यांना म्हणायचंय, आणि म्हणता येत नाहीये.

आता तुमचं. एवढ्या लांब पत्रात स्वतःबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय आणि 'तेही आहेच' म्हणून बाजूला सारलंय. ती गेली की सासूबाईंच्या आणि तुमच्या मध्ये कुणी उरणार नाही. मला वाटतं तुमची खरी अडचण ही आहे, आणि ती रास्त आहे. पण ती मुलीनं सोडवायची नाही. दोन मोठ्या बायकांमध्ये उशी म्हणून घरात राहणं हे तिचं काम नव्हे, आणि 'तुमचं तुम्ही बघा' म्हणणाऱ्या यजमानांना आता थोडं बघावं लागेल. आईशी रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांनी बसावं, डॉक्टरकडे त्यांनी न्यावं. हे मुलगी जायच्या आधी सुरू करा. ती गेल्यावर केलंत तर ते तिच्या जाण्याची शिक्षा वाटेल.

जाऊ द्यावं का? द्यावं. स्वतः कमावते, मैत्रिणींबरोबर राहणार आहे, आणि सज्ञान होऊन तिला बरीच वर्षं झाली. पुण्याला तर मुली घराबाहेर राहण्याचं अप्रूप असायचं कारण नाही. कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर आश्रम नेला तो १९०० साली. तुम्ही राहता तिथून हाकेच्या अंतरावर. तिथे राहून शिकलेल्या मुलींत बाराही राशींच्या असणार.

विरोधाऐवजी तुमची काळजी पुढच्या गोष्टींत घाला, तिथे तिचा उपयोग होईल. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तो लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. 'अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी केला की झालं' असं एजंट म्हणाला तर ऐकू नका. करारावर तिघींची नावं हवीत. एकीच्याच नावावर असेल आणि तिचं लग्न ठरलं, तर बाकीच्या दोघी रस्त्यावर. मध्येच एक सोडून गेली तर डिपॉझिटमधला तिचा वाटा कोण देणार, हे मैत्री घट्ट असतानाच कागदावर लिहून घ्यावं. लॉक-इन, म्हणजे मध्येच घर सोडता न येण्याची मुदत, किती महिन्यांचा आहे ते बघा. पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या. सोसायटीला भाडेकरू मुली चालतात का आणि रात्री गेट किती वाजता बंद होतं, हे टोकन देण्याआधी चेअरमनकडून कळलेलं बरं. घर बघायला तुम्हीही जा, आणि नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारा. उन्हाळ्यात टँकरचा खर्च वेगळा लावतात.

आणि कृपा करून तिची खोली लगेच आवरू नका, नाहीतर पहिल्याच शनिवारी परत आल्यावर तिला पाहुण्यासारखं वाटेल. आठवड्यातून कधी यायचं हे तिचं तिला ठरवू द्या. ती आली आणि सासूबाई 'आलीस ना रडत?' म्हणाल्या, तर विषय बदलायचं काम यजमानांचं.

मुहूर्ताचं विचारलंत. तुमच्या घरात बघायची पद्धत असेल तर बघा, आणि तो सासूबाईंनाच काढू द्या. पंचांग त्यांच्या हातात गेलं की 'जायचं की नाही' हा प्रश्न मागे पडतो आणि 'कधी' हा पुढे येतो. त्या चंद्रबळ बघतील, म्हणजे मुलीच्या राशीपासून मोजून चौथा, आठवा, बारावा चंद्र टाळतील. कर्केला आठवा चंद्र कुंभेचाच येतो, तेव्हा ते सव्वादोन दिवस बाद होणार; मुलीला हसू आलं तर येऊ द्या. फक्त मुहूर्ताची तारीख करारातल्या तारखेच्या आसपास असू दे. भाडं करारातल्या तारखेपासून सुरू होतं, आणि वाकडला सध्या रिकाम्या फ्लॅटचं भाडं भरत बसणं परवडण्यासारखं नाही.